पोस्टझेखल : टपाल तिकिटाच्या डच नावात बसलेले दोन लॅटिन पाहुणे

शब्दमूळ

डच भाषेत टपाल तिकिटाला 'पोस्टझेखल' म्हणतात. पोस्ट म्हणजे टपाल आणि झेखल म्हणजे मोहोर, शिक्का. शब्दाची घडण अगदी घरची आहे. दोन नामं शेजारी ठेवायची, मधे प्रत्यय नाही, अव्यय नाही, की झाला नवा शब्द. डच, जर्मन या भाषा असेच शब्द करत आल्या आहेत. पण फोड केली की दोन्ही तुकडे लॅटिन निघतात. आणि मला खरी ओढ लागली ती पुढच्या गोष्टीने. हे दोन तुकडे डचमध्ये बरोबर आलेले नाहीत. त्यांच्या आगमनात सुमारे हजार वर्षांचं अंतर आहे. म्हणून हा धागा.

आधी झेखल, कारण तो थोरला.

लॅटिनमध्ये 'सिग्नुम' म्हणजे खूण, चिन्ह. त्याचं लघुरूप 'सिगिल्लुम', म्हणजे छोटी खूण किंवा छोटी आकृती. रोममध्ये डिसेंबरात सॅटर्नेलिया नावाचा सण असे. त्याच्या शेवटाकडे लोक एकमेकांना माती-मेणाच्या लहान मूर्ती भेट देत. त्या मूर्तींनाही 'सिगिल्ला'च म्हणत आणि त्या दिवसाला सिगिल्लारिया. अंगठीच्या खड्यावर कोरलेली बारीक आकृतीही सिगिल्लुमच. ती मेणावर दाबली की उमटणारा ठसा तोही सिगिल्लुम. आकृती, मग ती कोरलेली अंगठी, मग तिचा ठसा, मग त्या ठशामुळे कागदाला आलेली मान्यता, असा अर्थ सरकत गेला.

ऱ्हाइन नदी ही रोमन साम्राज्याची सरहद्द. आजचं उत्रेख्त शहर म्हणजे तिथलं एक लष्करी ठाणं. छावणीबरोबर वस्तू आल्या आणि वस्तूंबरोबर त्यांची नावं. डचमध्ये रस्ता 'स्त्रात', भिंत 'म्यूर', दरवाजा 'पोर्त', तळघर 'केल्डर', कौल 'तेखल' ही सगळी लॅटिन माणसं आहेत. झेखल याच जुन्या वसाहतीतला. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्येही या शब्दाचा भाऊ सापडतो, म्हणजे डच, जर्मन, इंग्रजी ज्या शाखेतल्या त्या जर्मानिक भाषांनी तो किती लवकर उचलला ते कळतं.

लॅटिन सिगिल्लुममध्ये आघात मधल्या 'गिल्'वर आहे. जर्मानिक बोलणाऱ्यांनी तो आपल्या सवयीने पहिल्या अक्षरावर ओढला. आघात पुढे आला की शेपूट झिजते. 'उम' गळालं, 'इल्ल'चं नुसतं 'ल' उरलं, पहिला ऱ्हस्व इ पसरून ए झाला. मध्ययुगीन डचमध्ये तो 'सेगेल'सारखा लिहिलेला दिसतो. आजचा झेखल तिथून एका पायरीवर आहे.

आता पोस्ट. हा धाकटा आणि फार लांबून आलेला.

लॅटिन क्रियापद 'पोनेरे', म्हणजे ठेवणे. त्याचं भूतकालवाचक धातुसाधित 'पोसिता', म्हणजे ठेवलेली, नेमलेली. रस्त्यावर ठरावीक अंतरावर घोडे बदलण्यासाठी नेमलेली जागा ती पोसिता. इटालियनमध्ये तिची 'पोस्ता' झाली. पंधराव्या शतकाच्या शेवटी बेर्गामोजवळच्या तास्सो घराण्यातल्या लोकांनी हॅब्सबर्ग राजांसाठी घोडदौडीची टपालव्यवस्था उभी केली. १४९० मध्ये आल्प्समधल्या इन्सब्रुकपासून आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेनपर्यंत मार्ग सुरू झाला. पुढे १५०५ चा करार झाला, तेव्हा ब्रुसेल्स ते इन्सब्रुक पत्र उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा दिवसांत पोचवायचं ठरलं. म्हणजे या मोठ्या टपालमार्गाचं एक टोक सखल प्रदेशातच, म्हणजे आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या पट्ट्यातच होतं! इटालियन 'पोस्ता', फ्रेंच 'पोस्त' आणि तिथून डच 'पोस्ट' हा प्रवास त्याच घोड्यांच्या पाठीवरून झाला.

दोघांची गाठ पडली ती सरकारी कचेरीत. १६२४ मध्ये हॉलंडला स्पेनशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता. नवा कर सुचवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं आणि त्यातून सरकारी ठसा मारलेल्या कागदाची कल्पना निघाली. करार, मृत्युपत्र, अर्ज काहीही असो, त्या ठशाच्या कागदावर नसेल तर त्याला किंमत नाही. त्या ठशाला म्हणत झेखल. आपल्या स्टॅम्पपेपरचा हा पूर्वज. इंग्लंडने तो १६९४ मध्ये उचलला आणि इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला.

त्यामुळे १ जानेवारी १८५२ ला नेदरलँड्सने पहिली टपाल तिकिटं काढली तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. सरकारला पैसे पोचल्याची कागदावरची खूण म्हणजे झेखल, हे सव्वादोनशे वर्षं लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. हा टपालाचा झेखल, म्हणून पोस्टझेखल. मेण नाही, अंगठी नाही, तरी नाव मोहोरेचंच राहिलं.

तुमच्याकडे असे जोडशब्द असतील तर जरूर लिहा.

---

नारळीपौर्णिमा

वाचनखूण साठवली. सिगिल्लारियाबद्दल पहिल्यांदाच कळलं.

---

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, पण एक मूलभूत शंका. लॅटिन आणि डच दोन्ही भारोपीय (इंडो-युरोपियन) कुळातल्या. मग झेखल आणि सिगिल्लुम हे एकाच आजीची नातवंडं का नसतील? आपली 'माता' आणि त्यांची 'मूडर' सारखी आहे म्हणून आपण एकमेकांकडून उसनं घेतलं असं म्हणत नाही ना? मग इथे उसनं घेतलं हे इतक्या खात्रीने कसं म्हणता? आणि त्याच न्यायाने 'पोस्ट' आपल्या 'प्रस्थ' किंवा 'पत्र'शी का जोडू नये?

---

शब्दमूळ

@प्रश्नचिन्ह, या विषयातला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

भारोपीय भाषांतून जर्मानिक शाखा वेगळी झाली तेव्हा तिची व्यंजनं एका शिस्तीत बदलली. मूळचा प हा फ झाला आणि डचमध्ये तो बहुधा व असा लिहिला जातो. आपला पिता, लॅटिन 'पातेर', डच 'वाडर'. आपला पाद, लॅटिन 'पेस', डच 'वूत'. हा नियम इतका काटेकोर आहे की 'पोस्ट' जर वारशाने आलेला असता तर त्याच्या तोंडाशी प राहिलाच नसता. प शाबूत आहे याचा अर्थ तो बदल होऊन गेल्यावर शब्द घरात शिरला.

झेखलचंही तसंच. मूळचा ग जर्मानिकमध्ये क होतो. लॅटिन 'आगेर' म्हणजे शेत, डच 'आकर'. लॅटिन 'गेनु' म्हणजे गुडघा, आपला जानु, डच 'क्नी'. सिग्नुममधला ग वारशाने आला असता तर डचमध्ये तिथे क दिसला असता. तो ग म्हणूनच आला आणि नंतर डच घशातून ख सारखा वाजू लागला. खूण या अर्थाचा घरचा जर्मानिक शब्द डचमध्ये वेगळा आहेच : 'तेकन'.

एक नमुना देतो, त्यात दोन्ही प्रकार एकाच शब्दात दिसतात. 'पोस्टहोर्न', म्हणजे टपालवाल्याचं शिंग. घोडेस्वार ठाण्याजवळ आला की ते फुंकायचा, म्हणजे ताजा घोडा तयार ठेवला जाई. यातला 'पोस्ट' उसना आहे. पण 'होर्न' हा लॅटिन 'कोर्नु'कडून घेतलेला नाही, तो त्याचा सख्खा भाऊ आहे. मूळच्या क चा जर्मानिकमध्ये ह होतो, त्या नियमाने आलेला. आणि आपलं संस्कृत शृंग, म्हणजेच मराठी शिंग, हेही त्याच कुळातलं. पहिल्या डच तिकिटांचा कागद उजेडात धरला की जलचिन्ह दिसतं ते याच पोस्टहोर्नचं.

'प्रस्थ' आणि 'पत्र' यांच्याबद्दल : दोन शब्दांच्या आवाजातलं साम्य हा पुरावा नव्हे. शब्द कुठल्या दशकात, कुठल्या गावी, कुणाच्या कागदात पहिल्यांदा दिसला आणि तिथवर तो कुठल्या वाटेने आला, हे दाखवता आलं पाहिजे. पोस्टच्या बाबतीत ही वाट इटलीपासून ब्रुसेल्सपर्यंत कागदोपत्री दिसते. पत्रापासून निघणारी अशी कुठलीच वाट नाही.

---

प्रश्नचिन्ह

पटलं. शिंगाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. धन्यवाद.

---

आम्स्टेलवेनकर

इथे नेदरलँड्समध्ये राहून हा शब्द रोज ऐकतो, म्हणून उच्चाराची भर. सुटा 'झेखल' म्हणताना सुरुवातीला आपल्या 'माझा'तल्या झ सारखा आवाज येतो. पण पोस्टला जोडला की आधीच्या स्ट मुळे तो बसतो आणि 'पोस्टसेखल' ऐकू येतं. मुलांच्या शाळेतल्या बाई शुद्धलेखन घालताना मुद्दाम सुटं करून सांगतात, कारण मुलं हमखास स लिहितात.

अ‍ॅमस्टरडॅमच्या नीवेझैट्स फोरबुर्गवाल या रस्त्यावर बुधवारी आणि शनिवारी तिकिटांचा बाजार भरतो, 'पोस्टझेखलमार्क्त'. लांबुळके टेबल, त्यावर बुटांच्या खोक्यांतून देशवार लावलेली पाकिटं, आणि चिमटा हातात धरून बसलेले बहुतेक साठीपुढचे लोक. तिकिटाला बोट लावलेलं त्यांना खपत नाही. 'मार्क्त' सुद्धा लॅटिन 'मेर्कातुस'वरूनच ना? म्हणजे तिन्ही तुकडे लॅटिन झाले.

आणखी एक. इथे आता पाकिटावर तिकीट न चिकटवताही पत्र टाकता येतं. टपाल कंपनीच्या अ‍ॅपवर पैसे भरायचे, नऊ अक्षरांचा एक संकेत मिळतो, तो पेनने पाकिटाच्या कोपऱ्यात तीन ओळींत लिहायचा. त्याला म्हणतात 'पोस्टझेखलकोड'.

---

शब्दमूळ

@आम्स्टेलवेनकर, मार्क्त बरोबर. 'मेर्क्स' म्हणजे विक्रीचा माल, त्यावरून मेर्कातुस. आणि कोड हा लॅटिन 'कोदेक्स'वरून. आधी झाडाचं खोड, मग मेण लावलेल्या लाकडी पाट्यांची चळत, मग पुस्तक, मग कायद्याचं पुस्तक, आणि अलीकडे संकेत. त्यामुळे तोही शब्द तिन्ही बाजूंनी लॅटिनच. पेनने लिहिलेल्या नऊ अक्षरांना झेखल म्हणतात हे मला फार आवडलं. १६२४ मध्ये जे काम ठसा करत होता, म्हणजे पैसे पोचले हे सांगणं, तेच काम ही अक्षरं करतात.

---

निवृत्त_टपाली

आमच्या खात्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. पत्राची बॅग बंद करायची पद्धत आजच्या मुलांना माहीत नसेल. बॅगेचं तोंड चुण्या घालून आवळायचं, सुतळीचे वेढे द्यायचे, लेबल ओवून गाठ मारायची. मग लाखेची कांडी ज्योतीवर धरायची. लाख जळता कामा नये. जळली की काळी पडते आणि ठिसूळ होते. ती मधासारखी ओघळू लागली की बरोब्बर गाठीवर पाडायची आणि वरून पितळी सील दाबायचं. सील आधी ओल्या फडक्यावर टेकवून घ्यायचं, नाहीतर लाख सीलला चिकटून सगळा ठसा उचलला जातो. अक्षरं स्वच्छ उमटली पाहिजेत. पुढच्या कार्यालयात बॅग उघडणारा आधी सील बघतो. सील तुटलेलं किंवा पुसट असेल तर बॅग तशीच बाजूला ठेवून साक्षीदारासमोर उघडायची आणि नोंद करायची.

आम्ही याला 'सील मारणे' म्हणायचो. हे सील आणि तुमचं झेखल एकच का?

---

शब्दमूळ

@निवृत्त_टपाली काका, इतकं बारीक वर्णन कुठे वाचायला मिळत नाही. ओल्या फडक्याचं मला माहीत नव्हतं.

हो, दोन्ही एकच. सिगिल्लुम फ्रान्समार्गे इंग्लंडला गेला तेव्हा वाटेत त्याचा ग झिजून गेला आणि 'सील' उरला. थेट ऱ्हाइनकाठी उतरला तो झेखल. पोर्तुगीजांकडे त्याचा 'सेलु' झाला.

आणि त्या लाखेबद्दल लिहायलाच हवं. मोहोरेच्या लाखेला डचमध्ये 'झेखललाक' म्हणतात. यातला 'लाक' युरोपभर मध्ययुगीन लॅटिन 'लाक्का'मधून पसरला, पण लाक्का हा शब्द मुळात लॅटिन नाही. तो अरबी-फारसीतून तिकडे गेला, आणि त्याच्या मुळाशी आहे आपली लाख, प्राकृत 'लक्खा', संस्कृत 'लाक्षा'. लाक्षागृहातली तीच. मध्ययुगात युरोपातल्या मोहोरा मधमाश्यांच्या मेणाच्या असत. सोळाव्या शतकात भारतातली लाख समुद्रमार्गे भरपूर जाऊ लागली आणि पत्रांवरच्या मेणाची जागा हळूहळू तिने घेतली. यान हाउखन फान लिन्सखोतन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला होता. परत गेल्यावर १५९६ मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून निघालं, त्यात भारतातल्या लाखेची माहिती आहे. म्हणजे झेखललाक या जोडशब्दाचा पहिला भाग रोमचा आणि दुसरा आपल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरचा.

---

सोनचाफा

आमचा पिढीजात सराफीचा धंदा. पोकळ मण्यांत आणि पाटल्यांत अजूनही लाख भरतात, म्हणजे दागिना चेपत नाही. मोडीत आलेला दागिना आधी तापवून लाख काढायची, मगच वजन. त्या लाखेचा शब्द हॉलंडच्या पाकिटावर जाऊन बसला हे वाचून बरं वाटलं.

---

मडगांवकार

गोव्यातून एक भर घालतो. पोर्तुगीजमध्ये टपाल तिकीट म्हणजे 'सेलु पोश्ताल'. मोहोर तोही सेलु, मुद्रांकाचा कागद तो 'पापेल सेलादु'. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या खरेदीखतांत, वाटणीपत्रांत असे कागद अजून जपून ठेवलेले दिसतात. पोर्तुगीज इंडियाची स्वतःची तिकिटं १८७१ पासून निघत होती, ती १९६१ पर्यंत.

शब्दमूळ यांनी जे दोन तुकडे सांगितले तेच दोन पोर्तुगीजमध्येही आहेत, फक्त क्रम उलटा. डच म्हणतात पोस्ट-झेखल, पोर्तुगीज म्हणतात सेलु-पोश्ताल. पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक, डचांनी मात्र दोन्ही शब्द बाहेरून आणले, एवढाच फरक.

---

शब्दमूळ

@मडगांवकार, क्या बात है! आणि क्रम उलटा का, तेही पाहण्यासारखं आहे. लॅटिनच्या लेकींमध्ये विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं, म्हणून 'सेलु'ला 'पोश्ताल' हे विशेषण जोडावं लागलं. जर्मानिक पद्धतीत विशेष सांगणारं नाम पुढे ठेवलं की काम झालं. म्हणूनच म्हणतो की पोस्टझेखलमधले दोन्ही शब्द लॅटिन असले तरी त्यांना जोडणारा टाका अस्सल डच आहे. मराठीही असंच करते : राजवाडा, देवघर, चहापत्ती.

---

लेखणीबहाद्दर

मराठीतलं थेट समांतर उदाहरण सुचतंय : शिक्कामोर्तब. शिक्का अरबी 'सिक्का'वरून, म्हणजे नाणं पाडायचा ठसा. मोर्तबही अरबी 'मुरत्तब'वरून, म्हणजे रीतसर लावलेलं, सिद्ध झालेलं. दोन्ही फारसीमार्गे दरबारी कारभारातून आले. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांत माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तबाची छोटी मुद्रा असे, 'मर्यादेयं विराजते' अशा अक्षरांची. मोर्तब उठली की त्याखाली कुणाला एक ओळही वाढवता येत नसे. त्या दोन मुद्रांची जोडी म्हणजे शिक्कामोर्तब. आज आपण 'नावावर शिक्कामोर्तब झालं' म्हणतो तेव्हा यातलं काही परकं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

---

शब्दमूळ

@लेखणीबहाद्दर, यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. विषयही तोच, मोहोरेचा. आणि वाटही तीच : राज्यकारभाराच्या कागदातून शब्द आला, कागदाबरोबर गावोगाव गेला.

सिग्नुमची एक शाखा मात्र कचेरीतून न येता चर्चमधून आली. ख्रिस्ती धर्मोपदेशक कुणाला आशीर्वाद देताना हवेत क्रुसाची खूण करत. खूण करणे, लॅटिन 'सिग्नारे'. डचमध्ये त्याचं 'झेखनन' झालं आणि अर्थ झाला आशीर्वाद देणे. 'झेखन' म्हणजे आशीर्वाद. त्यामुळे डच शब्दकोशात झेखल आणि झेखन जवळजवळ राहतात. एक सरकारचा, एक देवाचा, दोघांची आजी एक.

आपल्या रोजच्या मराठीतही हे घराणं इंग्रजीमार्गे आलंच आहे. सिग्नल, साइन, डिझाइन, सील, सगळे सिग्नुमचे. पोसिताचीही भावंडं आहेत. बँकेतलं डिपॉझिट म्हणजे खाली ठेवलेलं. आणि कंपोस्ट खत, म्हणजे एकत्र ठेवलेलं. शेतावरच्या खड्ड्यातलं कंपोस्ट आणि नाक्यावरचं पोस्ट सख्खी भावंडं आहेत.

---

नारळीपौर्णिमा

कंपोस्ट! आता खड्ड्याकडे बघताना आठवणार.

---

जुनी_पत्रं

१८५२ वाचून थांबले, कारण आपल्या तिकिटसंग्राहकांच्या दृष्टीने ते वर्ष फार मोठं. त्याच वर्षी १ जुलैला सिंध प्रांतात 'सिंद डाक'ची तिकिटं निघाली, आशियातली पहिली. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता आणि तिथले आयुक्त होते बार्टल फ्रियर, तेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. अर्ध्या आण्याचं गोल तिकीट, मधे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, उठावाचं.

या धाग्याला लागू पडणारी गोष्ट म्हणजे, त्यातली लाल तिकिटं कागदावर छापलेली नव्हती, ती मोहोरेच्या लाखेच्या पातळ चकत्यांवर उठवलेली होती. लाख ठिसूळ, त्यामुळे ती हाताळताना तडकून तुटायची. म्हणून मग पांढऱ्या आणि निळ्या कागदाची काढली. लाल तिकीट धड अवस्थेत मिळणं आज अतिशय दुर्मिळ. डचांनी कागदाच्या तुकड्याला मोहोर म्हटलं आणि आपल्याकडे त्याच वर्षी मोहोरच तिकीट म्हणून चिकटवली गेली.

डच पहिल्या तिकिटांबद्दलही थोडं. ५, १० आणि १५ सेंटची, निळं, लाल आणि नारिंगी, राजा तिसऱ्या विल्यमचं चित्र. दंतुर कडा नाहीत, कात्रीने कापून घ्यायची. आणि त्यांवर देशाचं नाव नाही.

---

शब्दमूळ

@जुनी_पत्रं ताई, तुमच्या या प्रतिसादासाठी तरी धागा काढल्याचं सार्थक झालं. लाखेच्या चकतीचं तिकीट म्हणजे शब्दशः पोस्टझेखल.

---

पुसट_शाई

आमचं गाव नाशिकरोड. तिथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून टपाल तिकिटं आणि मुद्रांकाचे कागद छापले जातात. आधी ही सगळी छपाई लंडनहून होऊन यायची. आमच्या आळीत घराआड एक माणूस प्रेसमध्ये. त्यामुळे तिकीट आणि स्टॅम्पपेपर एकाच आवारात छापले जातात यात आम्हाला कधी नवल वाटलं नाही. धागा वाचल्यावर त्यामागचं नातं कळलं.

प्रश्न असा : डच शब्द लॅटिन निघाला. मग आपलं 'तिकीट' आणि 'स्टॅम्प' कुठले?

---

शब्दमूळ

@पुसट_शाई, इथे गंमत अशी की पारडं उलटं फिरतं.

'स्टॅम्प' अस्सल जर्मानिक. मूळ अर्थ कुटणे, आपटणे. डचमध्ये आजही 'स्ताम्पन' म्हणजे कुटणे, ठेचणे. 'तिकीट' आपण इंग्रजीकडून घेतलं, इंग्रजीने फ्रेंचकडून. जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्तिकेत' म्हणजे भिंतीला किंवा खांबाला टोचून लावलेली चिठ्ठी. आणि तो शब्द फ्रेंचांना मिळाला तो टोचणे, खुपसणे या अर्थाच्या जर्मानिक क्रियापदावरून, ज्याचं डच रूप आहे 'स्तेकन'. 'एतिकेत', म्हणजे शिष्टाचार, तोही त्याच चिठ्ठीतून निघाला.

पाकिटं, करारपत्रं यांवर 'फ्रँकिंग' करून आणतो, तोही शब्द जर्मानिक : फ्रँक नावाच्या टोळीवरून, मग फ्रँक म्हणजे मोकळा, करमुक्त, मग इटालियन 'फ्रान्को', टपालखर्च भरलेला. इंडोनेशियात डचांनी शेकडो वर्षं राज्य केलं, तिथे टपाल तिकिटाला 'प्रांको' म्हणतात, याच फ्रान्कोवरून. पण 'सेगेल' हा शब्दही त्यांनी ठेवून घेतला, मोहोर आणि मुद्रांकाचा कागद या अर्थाने. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत मात्र पोस्टझेखलचाच 'पोसेअल' झाला. त्यांनी ट आणि ख दोन्ही गिळले.

म्हणजे जर्मानिक कुळातले डच तिकिटाला लॅटिन नाव देतात आणि आपण मराठी लोक त्याला जर्मानिक नावाने हाक मारतो.

---

प्रश्नचिन्ह

या एका प्रतिसादाचा वेगळा धागा व्हायला हवा. अनुमोदन घ्या.

---

वेंगुर्लेकर

आमच्या वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत. १६३७ च्या सुमाराची. लहानपणी तिथे क्रिकेट खेळायचो. भिंती आता वेलींनी खाल्ल्यात, तरी दगडी बांधणी बघून कळतं की माणसं राहायच्या नि माल ठेवायच्या बेतानेच आली होती. डच लोक वखारीला काय म्हणत? आणि पोस्ट ऑफिसला काय म्हणतात?

---

शब्दमूळ

@वेंगुर्लेकर, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पोस्ट ऑफिस म्हणजे 'पोस्टकांतोर'. 'कांतोर' म्हणजे कचेरी. तो फ्रेंच 'कोंत्वार'वरून आला, म्हणजे पैसे मोजायचं मेज, आणि कोंत्वार लॅटिन 'कोम्पुतारे'वरून, म्हणजे हिशोब करणे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत तिच्या ठिकठिकाणच्या वखारींना हाच शब्द लावलेला आहे, कधी फ्रेंच वळणाने, कधी डच. वेंगुर्ल्याचाही उल्लेख तसाच. काळी मिरी, कापड यांचा हिशोब जिथे होतो ते कांतोर. त्याच कोम्पुतारेपासून कॉम्प्युटरही निघाला.

---

वेंगुर्लेकर

म्हणजे पोस्टकांतोरही दोन्हीकडून लॅटिन! आणि टपालपेटी?

---

शब्दमूळ

तीही! 'ब्रीवनबुस'. 'ब्रीफ' म्हणजे पत्र, लॅटिन 'ब्रेविस'वरून, म्हणजे थोडक्यात लिहिलेलं. 'बुस' म्हणजे डबी, उत्तरकालीन लॅटिन 'बुक्सिस'वरून, आणि तो ग्रीक 'पिक्सिस'वरून, बॉक्सवूडच्या लाकडातून कोरलेली झाकणाची डबी. तुकडे जोडताना मधे जो 'न' आलाय तो ब्रीफच्या अनेकवचनातला, कारण पेटीत पत्रं बरीच असतात. पोस्टझेखलमध्ये तसं काही घालावं लागलं नाही, ब्रीवनबुसमध्ये लागलं. हे मधले टाके कधी न, कधी स, कधी काहीच नाही, याबद्दल डच लोकांमध्येच शुद्धलेखनाचे मोठे वाद झाले आणि १९९५ मध्ये नियम बदलावे लागले. आम्स्टेलवेनकर, मुलांच्या शाळेत तो नियम कसा शिकवतात ते लिहा ना.

---

आम्स्टेलवेनकर

लिहितो. थोरलीची वही शनिवारी घेऊन बसतो आणि उदाहरणांसकट टाकतो.